ब्रेकचे रबर

सायकल विकत घेणारा मनुष्य दुकानात काय काय पाहतो, याचे निरीक्षण करण्याची संधी आम्हांला पुष्कळदा मिळाली आहे. तो रंग पाहतो, घंटी वाजवतो, सीटवर बसून पाय टेकतात की नाही याची खात्री करून घेतो, कॅरिअर दोन्ही हातांनी दाबतो. टायर बोटाने दाबण्याचा संस्कार तर आपल्या समाजात इतका खोल रुजला आहे की, परक्या माणसाच्या उभ्या सायकलीचाही टायर जाता जाता दाबून पाहणारे सज्जन आमच्या ओळखीचे आहेत. परंतु खाली वाकून, रिमला लागून बसलेले ते चार काळे तुकडे न्याहाळणारे गिऱ्हाईक आम्ही अद्याप पाहिलेले नाही. सायकल नवी असताना ते तुकडे कोणी पाहत नाही आणि जुनी झाल्यावरही पाहत नाही. ते दिसतात एकदाच, अपघातानंतर.

आमचा विषय मराठी. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध वडिलांच्या जुन्या सायकलीपुरता आणि शाळेच्या आवारात रोज उभ्या राहणाऱ्या सायकलींच्या रांगेपुरता. त्यामुळे या काळ्या तुकड्यांकडे आम्ही प्रथम पाहिले तेही शब्दाच्या वाटेनेच. त्यांना नाव काय? बेळगावच्या कोणत्याही दुकानात ‘ब्रेकचे रबर द्या’ म्हटले की काम होते. शहरातले तरुण मिस्त्री ‘ब्रेक शू’ म्हणतात. ब्रेकला शुद्ध मराठी प्रतिशब्द म्हणून ‘गतिरोधक’ सुचवला गेला खरा, पण लोकांनी तो रस्त्यावरच्या उंचवट्याला बहाल केला आणि सायकलीला ब्रेकच ठेवला. लोक शब्द कसा वापरतात यावर शब्द ठरतो. आमचा त्याला विरोध नाही.

दुसरा शब्द ‘झिजणे’. सेवानिवृत्तीच्या समारंभांत आम्ही आजवर जी भाषणे ऐकली, त्यांतील निम्म्यांत तरी सत्कारमूर्ती चंदनासारखे झिजलेले होते. ब्रेकच्या रबरासारखे झिजले, असे कोणा गुरुजींविषयी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. चंदन झिजले की सुगंध सुटतो; रबर झिजले की रिमवर काळी भुकटी साचते आणि ती विजारीला लागते. मात्र झिजण्याचे काम नेमून दिलेले असे यंत्रातले भाग पाहिले, तर रबराइतके प्रामाणिक दुसरे सापडणार नाही. पोलादी रिम झिजू नये, म्हणून मऊ रबराने झिजावयाचे, असा हा करार आहे. रबर संपले आणि तरीही कोणी ब्रेक दाबीत राहिले, की आतल्या लोखंडी खोबणीची कडा रिमला लागते. मग लोखंडावर लोखंड घासते, रिमवर चरे पडतात, कर्कश आवाज येतो आणि एवढे सगळे होऊनही सायकल थांबत नाही.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काळ्या उंच सायकलींना, आणि त्यांच्याच धर्तीवरच्या मुलींच्या सायकलींनाही, सळईचे ब्रेक असतात. हँडलखालची मूठ आवळली की उभी सळई वर ओढली जाते. तिच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली एक लोखंडी पट्टी असते. तिच्या दोन टोकांना दोन रबरे. ही रबरे रिमच्या बाजूंवर नव्हे, तर रिमच्या आतल्या अंगाला, जिकडे तारा बसवलेल्या असतात तिकडे, तारांच्या डावी-उजवीकडे दाबली जातात. मागच्या चाकाचा कारभारही असाच, मात्र तिथे सळया कोपरासारख्या तुकड्यांनी जोडून खाली नेलेल्या असतात आणि रबरे पायडलच्या मागे, चिखलाच्या ऐन माऱ्यात बसवलेली असतात. म्हणूनच ती कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

रिमवर रबर दाबण्याची ही तऱ्हा आरंभापासूनची नव्हे. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे वीतभर, अशी सायकल होती तेव्हा चमच्यासारखी लोखंडी पट्टी थेट टायरवर दाबून ती थांबवीत. टायर भरीव रबराचा असल्याने ते चालून जाई. इंग्लंडात १८८५ साली दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीने चालणारी सायकल आली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. हवेच्या टायरवर लोखंडी चमचा दाबणे म्हणजे टायरचा जीव घेणे. तेव्हा घर्षणाचे काम टायरकडून काढून रिमकडे सोपवावे लागले.

योगायोग असा की, त्याच १८८८ सालाशी आमच्या बेळगावचाही संबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ त्या साली बेळगावातल्या सायकलीच्या लहानशा दुकानाने झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या या शिक्षकाने पुढे सायकलीवरून लोखंडी नांगराकडे मोर्चा वळवला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्याच कारखान्यातून १९२० साली निघालेल्या लहानशा पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, जे मराठी घरांतून मोठ्या आवडीने वाचले गेले. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे. त्या रस्त्यावरून सायकल हाताने ढकलीत नेणारा एखादा मुलगा दिसला की आम्ही त्याच्या ब्रेककडे पाहतोच. बऱ्याच वेळा निराशा होते.

आमची शाळा शहराच्या पश्चिमेला, जिथे सपाटी संपून डोंगराची चाहूल लागते त्या पट्ट्यात आहे. भातशेती, तांबडी माती, आणि जून ते सप्टेंबर न थांबणारा पाऊस. आसपासच्या वाड्यांतून मुले-मुली चार-पाच किलोमीटरवरून येतात. कर्नाटक शासनाने २००६-०७ या वर्षापासून आठवीतल्या मुलामुलींना सायकली द्यावयास आरंभ केला आणि पुढे कित्येक वर्षे त्या मिळत राहिल्या. या सायकलींनी काय केले, ते आमच्या हजेरीपटावर दिसते. सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली दहावीपर्यंत पोहोचू लागल्या. त्यांतल्या अनेक सायकली आजही चालू आहेत. थोरलीकडून मधलीकडे आणि मधलीकडून धाकट्याकडे, अशा त्या घराण्यात फिरतात. सायकलीबरोबर घंटी फिरते, कुलूप फिरते, आणि झिजलेले रबरही फिरते.

सपाट मुलखात झिजलेल्या ब्रेकने माणूस वर्षभर निभावून नेतो. पाय टेकून थांबतो, चप्पल घासतो. आमच्याकडे ती सोय नाही. येताना उतार, उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यावर कठडा नसलेला पूल. शिवाय पावसात पोलादी, चकचकीत रिम ओली झाली की नवे रबरसुद्धा तिच्यावरून घसरते; कोरड्या दिवशी चार हातांत थांबणारी सायकल ओल्या दिवशी कितीतरी पुढे जाते. त्यात तांबड्या मातीचे कण रबरात रुतून बसतात आणि काचकागदाप्रमाणे रिमही खातात व रबरही खातात. एका पावसाळ्यात जितके रबर जाते, तितके उरलेल्या आठ महिन्यांत जात नसावे, असा आमचा अंदाज आहे.

२०१६ सालच्या जुलै महिन्यात नववीतली एक मुलगी त्या उतारावरून खाली आली ती थांबलीच नाही. समोरून बैलगाडी येत होती. मुलीने सायकल बांधाकडे वळवली, म्हणून बैलांच्या पायांत गेली नाही. पण खांद्याचे हाड मोडले. बहिणीकडून आलेली ती सायकल चौथे वर्ष चालत होती. तिच्या मागच्या रबरांचा मागमूस उरला नव्हता आणि पुढची दोन्ही घासून पत्र्याशी आली होती. मूठ हँडलला टेकेपर्यंत आवळली तरी काही होत नाही, हे तिला महिनाभर ठाऊक होते. “घरी का सांगितले नाहीस?” असे तिच्या वर्गशिक्षिकांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सांगितलं असतं तर सायकल बंद केली असती.”

आणि झालेही तसेच. आठ दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. तिचे वडील साधे, कष्टाळू शेतकरी. त्यांनी पाट मांडला, पाणी दिले आणि सरळ सांगितले, “सर, पोरगी वाचली ह्योच देवाचा उपकार. आता सायकल नको, नि सायकल नाही तर हायस्कूलबी नको. पाच किलोमीटर ह्या पावसात कोण चालतंय?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती, आणि भीतीशी वाद घालता येत नाही. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आम्ही तासभर बोलू शकतो. त्या दिवशी आम्ही एक वाक्यही बोललो नाही. येताना खिशात नवी रबरे, एक पाना आणि पक्कड घेऊन गेलो होतो. गोठ्यात उभी असलेली सायकल अंगणात आणवली आणि त्यांच्यासमोर पुढचे एक रबर काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. शेजारी नवे ठेवले.

बराच वेळ ते दोन्ही तुकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एवढ्यापायी?”

“एवढ्यापायीच.”

“फाळ झिजला की आम्ही लोहाराकडं नेतोच की, सर. ह्याचं कोण बोललं नाही कधी.”

याहून अधिक संभाषण झाले नाही. चारही रबरे बदलून होईपर्यंत ते शेजारी उकिडवे बसून पाहत होते. मागच्या चाकाचे शेवटचे रबर त्यांनी स्वतः बसवले. मुलगी उंबऱ्यावर उभी होती, उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने तिने पाना मागून घेतला आणि ती चाकी आवळली. नीट आवळली नव्हती, आम्ही नंतर पुन्हा आवळली. ती शाळेत आली ते गणपतीनंतर. प्रथम काही दिवस वडील मागे मागे चालत येत. २०१८ च्या मार्चमध्ये ती दहावीच्या परीक्षेला बसली, आणि परीक्षेच्या केंद्रावरही सायकलीनेच गेली.

त्या ऑगस्टपासून आमच्या शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर सायकलींची तपासणी होते. प्रार्थनेला पाच मिनिटे, तपासणीला दहा. मुलेच मुलांच्या सायकली तपासतात. पहिल्या सोमवारी जे दिसले ते विलक्षण होते. अर्ध्याहून अधिक सायकलींचा एक तरी ब्रेक नावापुरता होता. एका पठ्ठ्याने रबराच्या जागी जुन्या चपलेचा तुकडा कापून तारेने बांधला होता. त्याची कल्पकता वाखाणण्यासारखी होती, पण चप्पल ती चप्पलच. पाण्यात ती साबणासारखी होते. एकीच्या पुढच्या ब्रेकची सळईच काढून टाकलेली होती, कारण पुढचा ब्रेक दाबला की मनुष्य उलटा पडतो, असे तिच्या आजोबांनी सांगितले होते. हा समज आमच्या भागात सार्वत्रिक आहे. वस्तुतः सायकल थांबताना सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे थांबवण्याचे खरे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकटाच आणि एकदम आवळला तर आजोबा म्हणतात तसे होऊ शकते. म्हणून दोन्ही मुठी एकत्र, मागची क्षणभर आधी, आणि हळूहळू आवळावयाच्या. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मैदानावर खडूच्या रेघा मारून मुलांना आणखी एक गोष्ट दाखवली: वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे पुस्तकात होतेच. पण रेघ ओलांडून पुढे गेलेली स्वतःची सायकल पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पुस्तकाने कधी उमटवले नव्हते.

रबर बदलण्याची रीत आता आमच्या आठवीतल्या मुलांनाही येते, तेव्हा वाचकांनाही सांगावयास हरकत नाही. सायकल स्टँडवर उभी करावी. मूठ आवळून पाहावी. ती हँडलजवळ जात असेल, किंवा रबराचा थर पातळ होऊन लोखंड जवळ आलेले दिसत असेल, तर वाट पाहू नये. खोबणीमागची चाकी पान्याने सैल केली की नालेतून ती खोबण रबरासकट सरकून बाहेर येते. काही दुकानांत नुसते रबर मिळते, काहींत खोबणीसकट; आम्ही खोबणीसकट घेतो, कारण जुन्या गंजक्या खोबणीतून रबर काढताना बोटे सोलवटतात. रिम कोरड्या फडक्याने पुसावी, चिकटलेला काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढावा. तेलाचा थेंबही तिथे पडू देऊ नये. साखळीला तेल सोडता सोडता भक्तिभावाने रिमलाही तेल लावणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून परावृत्त करावे.

आता मुख्य गोष्ट. खोबणीचे एक तोंड बंद असते आणि एक उघडे. चाक त्या जागी ज्या दिशेने सरकते, त्या दिशेला बंद तोंड आले पाहिजे. ब्रेक लागताच फिरते चाक रबराला आपल्याबरोबर ओढू पाहते. बंद तोंड त्याला अडवून धरते. उलटे बसवले, तर ऐन उतारावर रबर खोबणीतून निसटून रस्त्यावर पडते आणि हातात रिकामी मूठ राहते. पुढच्या चाकाला बंद तोंड पुढे येते, हे मुलांना चटकन कळते. मागच्या ब्रेकला, रबरे चाकाच्या पुढच्या अंगाला असल्याने, ते खाली येते, आणि इथे दहांतली चार मुले गोंधळतात. त्यांना आम्ही चाक हाताने फिरवून पाहावयास लावतो, मग सांगावे लागत नाही.

रबर रिमवर सपाट टेकले पाहिजे. आतल्या बाजूला तारांना लागता कामा नये. चाकी आवळून चाक फिरवावे. रबर आणि रिम यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहावे. अंतर जास्त वाटले तर सळईच्या जोडावरची चाकी सैल करून सळई थोडी ओढून घ्यावी व पुन्हा घट्ट करावी. चाक फिरताना एकाच जागी रबर घासत असेल, तर दोष रबराचा नाही, चाकाला आउट आहे. शेवटी सायकल हाताने पुढे ढकलीत पुढची मूठ आवळावी: मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागची आवळावी: चाक न फिरता फरफटत आले पाहिजे. एवढे झाल्याखेरीज आम्ही कोणाला फाटकाबाहेर सोडीत नाही. नवे रबर पहिल्या दिवशी नीट पकडत नाही, तेही सांगून ठेवतो. आणि पावसात उताराच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक हलकेच टेकवून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे, हे तर घोकूनच घेतो.

चौकातल्या मिस्त्रींचा धंदा यामुळे बुडेल, अशी शंका आमच्या एका सहकाऱ्यांनी काढली होती. वडिलांच्या वेळेपासून त्या कोपऱ्यात बसलेले हे वयोवृद्ध गृहस्थ. त्यांना आम्ही शाळेत बोलावले. त्यांनी मुलांचे काम पाहिले, दोघांच्या हातातला पाना काढून घेऊन तो कसा धरावा ते दाखवले आणि म्हणाले, “रबर बदलायला माझ्याकडं नाही आलं तरी चालतंय, सर. पण आउट काढायला यायलाच पाहिजे. ते पोरांचं काम नव्हे.” जाताना स्वतःचे दोन जुने पाने शाळेला देऊन गेले. स्वस्त म्हणून घेतलेले काही रबर दगडासारखे कडक असते, ते किंचाळते फार आणि थांबवते थोडे, तेव्हा घेताना नखाने दाबून पाहा, हा सल्लाही त्यांचाच.

अलीकडे काही मुलांकडे तारेच्या ब्रेकच्या, ॲल्युमिनिअमच्या रिमच्या सायकली आल्या आहेत. एकाकडे तर चाकाच्या मध्यावर चकती असलेली सायकल आहे आणि तो तपासणीच्या वेळी जरा ऐटीत उभा राहतो. ॲल्युमिनिअमची रिम पावसात पोलादी रिमपेक्षा बरी थांबते, हे खरे. पण तिचेही रबर झिजते. चकतीला पकडणाऱ्या गुटक्या तर दोन्ही बाजूंनी इतक्या आत दडलेल्या असतात की पाहावयास विजेरी लागते. त्या मुलाला आम्ही विजेरी आणावयास सांगितली आहे.

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात रबरांच्या जोड्या, चाक्या, वॉशर, पॉलिश पेपर आणि मिस्त्रींचे दोन पाने. दर वर्षी मेच्या अखेरीस, शाळा उघडण्यापूर्वी, तो भरावा लागतो. त्याचा खर्च कोणत्या सदराखाली दाखवावा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. लिपिक ‘किरकोळ’ असे लिहितात. यंदा मागच्या ब्रेकच्या जोड्या जास्त आणल्या आहेत, कारण गेल्या पावसाळ्यात त्या ऑगस्टमध्येच संपल्या होत्या.